अर्जदाराचा कुत्रा

बुधवार, 9 एप्रिल 2025

आज तारीख होती. तारखेच्या दिवशी बाबा मला नेहमीसारखं अंडरपासातून पलीकडे, उज्ज्वलनगरच्या मेट्रो स्टेशनापर्यंत नेत नाहीत. आमच्या मनीषनगरच्या रेल्वे फाटकापर्यंत जायचं, लघवी उरकायची आणि परत. मग आजी पांढऱ्या शर्टाला इस्त्री करते, बाबा तिच्या पाया पडतात, निळी फाईल छातीशी धरतात आणि निघतात. ती फाईल आधी बोटभर जाडीची होती. आता तिला नाडी लागते.

मी सिग्नल. जात गावठी, रंग तांबूस, उजवा कान अर्धा. वय तीन वर्षांहून थोडं कमी. मी लिहितो कसा, हे विचारू नका. त्या निळ्या फाईलमध्ये याहून अवघड गोष्टी शपथेवर लिहिलेल्या आहेत.

कागदावर बाबा 'अर्जदार' आहेत, आई 'गैरअर्जदार' आणि पिल्लू 'अज्ञान मुलगा'. पिल्लूला घरात सगळे पिल्लूच म्हणायचे, त्यामुळे सुरुवातीला मला तो आमच्यातलाच वाटायचा. माझा कागदावर उल्लेख नाही. खरं तर या घरात मी आलो तोच एका कोर्टामुळे. 20 ऑक्टोबर 2022 ला हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं सांगितलं की भटक्या कुत्र्यांना रस्त्यात खाऊ घालू नका. फारच कळवळा असेल तर दत्तक घ्या, महापालिकेत नोंद करा आणि घरी नेऊन खाऊ घाला. फाटकाजवळ आम्हा भावंडांना रोज पोळी टाकणारी एक बाई होती. ती घाबरली आणि आमच्यातल्या एकाला पदराखाली घालून घरी घेऊन आली. महिनाही झाला नाही तोच सुप्रीम कोर्टानं त्या अटीला स्थगिती दिली, पण तोवर मी घरात होतो आणि माझं नाव ठेवून झालं होतं.

ती बाई म्हणजे आई. म्हणजे गैरअर्जदार. पुढच्या एप्रिलात ती पिल्लूला घेऊन नंदनवनला माहेरी गेली, आणि जूनमध्ये बाबांनी ताब्यासाठी अर्ज केला.

बाबा संध्याकाळी आले. शर्टाला झेरॉक्सचा, टपरीवरच्या चहाचा आणि चार परक्या माणसांच्या घामाचा वास. आजीनं विचारलं, "काय झालं?"

"समोरच्यांनी से, म्हणजे लेखी म्हणणं, द्यायला वेळ मागितला."

"मग?"

"दिला."

आजीनं वही काढली. 

शनिवार, 3 मे

पहिला आणि तिसरा शनिवार, दोन तास, कोर्टातल्या मुलांच्या खोलीत. असा अंतरिम हुकूम आहे. तिथं खेळणी असतात, भिंतीवर चित्रं असतात आणि दारापाशी खुर्ची टाकून कुणीतरी बसलेलं असतं. मला नेत नाहीत. बाबा परत आले की मी त्यांच्या पँटचा गुडघा हुंगतो. पिल्लू मांडीवर बसला असेल तर तिथं असतो, नसेल तर नसतो.

आज डाव्या गुडघ्यावर थोडासा होता. आधीच्या शनिवारी काहीच नव्हतं. त्या दिवशी बाबांनी आजीला सांगितलं होतं, "मस्त खेळला." आजीनं मान डोलावली होती. घरात खरं काय ते मला एकट्यालाच ठाऊक होतं आणि मला सांगता येत नाही, हे या घरावर उपकारच आहेत.

आठवड्यातून दोनदा व्हिडिओ कॉल असतो. 20 जानेवारी 2020 ला सुप्रीम कोर्टानं एका निकालात म्हटलंय की ज्याच्याकडे ताबा नाही त्या आईला किंवा बापालाही मुलाशी शक्यतो रोज पाच-दहा मिनिटं बोलता यायला हवं, आणि समोरासमोर जमत नसेल तर व्हिडिओवरून. बाबांच्या वकिलांनी तो निकाल लावून आठवड्यातून दोन मिळवले. पिल्लू स्क्रीनवर येतो, "सिग्नल कुठंय?" म्हणतो, बाबा फोन माझ्या तोंडासमोर धरतात. मी हुंगतो. काचेचा वास येतो. पिल्लू तिकडून ओरडतो, "आई बघ, त्यानं मला ओळखलं!" मी ओळखलेलं नसतं. शेपटी मात्र हलवतो.

सोमवार, 19 मे

कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी. कूलरच्या ताट्या यंदा बदलल्या नाहीत. जुन्याच ताट्यांवर पाणी मारतो, त्यामुळे हवा कमी आणि कुबट वास जास्त. मी कूलरच्या खाली, टपकणाऱ्या पाण्यात झोपतो. नागपुरात मे महिन्यात कुत्र्यानं याहून शहाणं काही करू नये.

संध्याकाळी गच्चीवर बेलिफकाका आले. चौथ्या मजल्यावर राहतात, कोर्टातून रिटायर झाले. आयुष्यभर लोकांच्या दारावर समन्स चिकटवली, म्हणून आता लोकांच्या घरात आपणहून जायला त्यांना संकोच वाटतो. गच्चीवर मात्र मोकळे असतात. आज बाबांच्या हातात मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र होतं.

"हे दोघांनाही द्यावंच लागतं," काका म्हणाले. "माहीत आहे का, हे कुठून आलं? आपल्याच नागपूरच्या फॅमिली कोर्टातून निघालेली केस. साधी अंतरिम पोटगी, ती सात वर्षं लोंबकळली. शेवटी 4 नोव्हेंबर 2020 ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की बाबांनो, दोघांनीही आपापली कमाई, खर्च, मालमत्ता, कर्ज, सगळं शपथेवर एकदाचं लिहून द्या. नाहीतर नवरा म्हणतो मी कंगाल, बायको म्हणते हा कुबेर. साहेब कोणाचं ऐकतील?"

बाबा रकाने भरत गेले. बुटीबोरीच्या कंपनीतला पगार. तारखांमुळे झालेली बिनपगारी कपात. बेसा इथला प्लॉट. त्याच्यापुढे त्यांनी 'विकला' लिहिलं. त्या प्लॉटवर आम्ही रविवारी जायचो. मी चारही कोपऱ्यांवर खुणा केल्या होत्या. खरेदीदाराला ते माहीत नाही. मुदत ठेव: मोडली. मोटारसायकल: आहे, हप्ता चालू. दागिने: आईच्या, म्हणजे आजीच्या, पाटल्या. त्यावर बाबांनी पेन थांबवलं. त्या गहाण आहेत, ते आजीनं त्यांना काल सांगितलं.

"काका, सिग्नलला कुठं लिहू?"

काका हसले. "कायद्याच्या हिशेबात कुत्रं म्हणजे जंगम मालमत्ता. किंमत लिही."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी कान खाजवत होतो. त्यांनी तो रकाना रिकामा सोडला.

काकांनी मग मुंबईची गोष्ट सांगितली. जून 2023 मध्ये वांद्र्याच्या दंडाधिकाऱ्यांपुढे एक बाई होती, तिच्याकडे तीन रॉटवायलर. नवऱ्याचं म्हणणं, कुत्र्यांचा खर्च मी काहून देऊ? दंडाधिकारी म्हणाले की पाळीव प्राणी हा नीट जगण्याचाच भाग आहे, माणसाच्या मनातली पोकळी ते भरून काढतात. आणि बाईला महिन्याला पन्नास हजारांची अंतरिम पोटगी मंजूर केली. तीन रॉटवायलरांना किती लागत असेल, याचा मी रात्री बराच वेळ विचार केला. माझ्या ताटलीत पहिल्या वर्षी कोंबडीचे पाय असायचे, नंतर पाकिटातलं खाणं आलं, आता पोळी आणि पातळ दूध आहे. तक्रार नाही. आजीच्या ताटातही तेच असतं.

सोमवार, 23 जून

विदर्भातल्या शाळा आज उघडल्या. उरलेल्या महाराष्ट्रात आठवडाभर आधीच उघडल्या. आपल्याकडे उन्हाला मान द्यावा लागतो. पिल्लू पहिलीत गेला. बाबांनी बूट घेतले, पाण्याची बाटली घेतली आणि नंदनवनला पोहोचवायला वकिलांच्या ज्युनिअरकडे दिली, कारण थेट दिली तर समोरचे 'दबाव आणला' म्हणून अर्ज करतील. बूट एक नंबर लहान निघाले. दोन महिने मुलाचे पाय पाहिले नाहीत की असं होतं. कोर्टाच्या खोलीत पिल्लू बूट घालूनच बसतो.

बुधवार, 9 जुलै

रात्रभर पाऊस. जिल्ह्यातल्या शाळा बंद. अंडरपासात पाणी भरलं, पुलावर गाड्यांची रांग वर्धा रोडपर्यंत. आज तारीख होती. बाबा अर्ध्या रस्त्यातून परत आले, वकीलसाहेब घरीच अडकलेले, समोरचेही आले नसावेत. पुढची तारीख मोबाईलवर आली.

आजीनं वही काढली. दोन वर्षांपूर्वी तिनं एक शंभर पानी वही आणली आणि मधोमध घडी घातली. डाव्या पानावर पिल्लूसाठी झालेला खर्च, उजव्या पानावर कोर्टाचा. डावीकडे: दरमहा पोटगी, सायकल, बूट, वाढदिवसाचा ड्रेस. उजवीकडे: वकील, ज्युनिअर, झेरॉक्स, नोटरी, तिकिटं, पेट्रोल, पगारकपात, नक्कल, पुन्हा वकील. उजवीकडचं एक पान भरलं की आजी तेवढीच जागा डावीकडे कोरी सोडते, म्हणजे हिशेब समोरासमोर राहतो. वहीत आता डावीकडे बरीच कोरी पानं आहेत.

बेलिफकाका म्हणतात की कौटुंबिक न्यायालयाचा कायदा 1984 चा, आणि त्याच्या कलम 13 प्रमाणे तिथं वकिलाला हक्कानं उभंच राहता येत नाही, परवानगी लागते. नवरा-बायकोनं स्वतः येऊन बोलावं, समुपदेशकानं समजूत घालावी, कलम 9 प्रमाणे न्यायाधीशानंही आधी तडजोडीचा प्रयत्न करावा, असा तो बेत होता. "परवानगी कोणी नाकारत नाही," काका म्हणाले, "अन् वकिलाशिवाय कोणी येत नाही." बाईमाणसाला आणि लेकराला विधी सेवेचा वकील फुकट मिळू शकतो, उत्पन्नाची अट नाही. पुरुषाला मात्र उत्पन्न दाखवावं लागतं. बाबांचं थोडं जास्त भरलं. आईनं तो फुकटचा वकील घेतला नाही, असंही काका म्हणाले. तिनं खाजगीच लावला. म्हणजे नंदनवनातही कुणाच्या तरी पाटल्या गेल्या असतील.

मंगळवार, 12 ऑगस्ट

आज सोसायटीत सगळे माझ्याकडे बघून बोलत होते. काल सुप्रीम कोर्टानं हुकूम दिला: दिल्ली आणि आसपासची सगळी भटकी कुत्री उचला, निवाऱ्यात ठेवा, पुन्हा रस्त्यावर सोडू नका. दूधवाला म्हणाला, "आता नागपुरातबी येईल पाहा." माझ्या गळ्यात पट्टा आहे, महापालिकेचा परवाना आहे, पण फाटकाजवळ माझी एक बहीण अजून आहे. तिच्या गळ्यात काहीच नाही.

घरात त्याच वेळी दुसरं चालू होतं. बाबांनी फाईलमधला परिच्छेद 14 आजीला वाचून दाखवला, कारण उलटतपासणीत त्यावरच प्रश्न येणार आहेत. 'गैरअर्जदार ही अज्ञान मुलाच्या आजारपणात त्याच्याकडे सातत्याने दुर्लक्ष करीत असे.'

जानेवारी 2023. पिल्लूला ताप चढला होता. बाबा बुटीबोरीत रात्रपाळीला. मी पलंगाखाली होतो. आई रात्रभर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या बदलत होती, मधूनच थंड पाण्याचा एक थेंब खाली माझ्या नाकावर पडायचा. पहाटे तिनं पिल्लूचं कपाळ पाहिलं, मग तिथंच जमिनीवर बसली आणि माझ्या पाठीवर डोकं ठेवून झोपली. बाबा सात वाजता आले तेव्हा ती उठून चहा करत होती. त्यांना यातलं काही दिसलं नाही.

परिच्छेद 14 बाबांनी रचलेला नाही. वकिलांनी लिहिला, बाबांनी सही केली. आईच्या उत्तरातही असाच एक आहे: 'अर्जदार हा दररोज मद्यप्राशन करून येत असे.' वासाच्या बाबतीत माझी साक्ष कुणी काढली असती तर मी तो परिच्छेद उभ्या उभ्या खोडला असता. दररोज नव्हे. वर्षाकाठी कंपनीची पार्टी, तेवढंच. बाबांच्या अंगाला रोज यायचा तो ग्रीसचा आणि उशिरा येण्याचा. उशिरा यायचे, हे खरं. आई त्यावरून भांडायची, हेही खरं. तेवढ्यावर मात्र ताबा मिळत नाही आणि ताबा राखताही येत नाही, म्हणून दोन्हीकडच्या लोकांनी भर घातली.

शुक्रवार, 22 ऑगस्ट

पोळा. बेसा गावाकडून बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. दुपारी बातमी: अकरा दिवसांपूर्वीचा हुकूम सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायमूर्तींनी बदलला. नसबंदी करा, लस टोचा आणि कुत्र्याला जिथून उचललं त्याच भागात सोडा. पिसाळलेली आणि फार आक्रमक असतील तेवढी वेगळी ठेवा. खाऊ घालायला वॉर्डावॉर्डात जागा नेमून द्या.

बाबा टीव्हीसमोर उभेच होते. म्हणाले, "अकरा दिवस."

आजीनं विचारलं, "कशाचे?"

ते बोलले नाहीत. उद्या तान्हा पोळा आहे. त्या दिवशी दोन तास पिल्लूला मनीषनगरात आणू द्यावं, म्हणून बाबांनी जुलैतच अर्ज टाकला होता. समोरच्यांचा से यायचा आहे.

शनिवार, 23 ऑगस्ट

तान्हा पोळा आपल्या नागपूरचा. भोसल्यांच्या काळात दुसऱ्या रघुजीराजांनी लेकरांसाठी लाकडी बैलांचा पोळा भरवला, तेव्हापासूनचा. सोसायटीतले सगळे पोट्टे नटूनथटून आले, कुणी कृष्ण, कुणी शेतकरी, चाकांवरचे बैल सुतळीनं ओढत. दारोदार बोजारा मागितला. आमच्या दारात आले तेव्हा आजीनं प्रत्येकाच्या हातावर दहाची नोट ठेवली. पिल्लूचा बैल कपाटावर आहे. आजीनं तो उतरवला, पुसला, शिंगांना बेगड लावलं, पूजा केली आणि परत कपाटावर ठेवला.

आज चौथा शनिवार, कोर्ट बंद, भेट नाही. तिकडे शहरात काळी आणि पिवळी मारबत निघाली. रोगराई घेऊन जा, महागाई घेऊन जा, भ्रष्टाचार घेऊन जा, असं लोक दरवर्षी तिला सांगतात. बेलिफकाका जाऊन आले. मी दिवसभर पलंगाखाली होतो. डफड्यांचा आवाज इतक्या लांबून येत नसेल, पण मला येतो.

गुरुवार, 18 सप्टेंबर

आज न्यायाधीशांनी पिल्लूला चेंबरमध्ये घेतलं. एकटंच. आत काय बोलणं झालं ते कुणालाच कळत नाही, तशीच पद्धत आहे. मग दोघांना समुपदेशकाकडे पाठवलं. तिथं काय झालं ते बाबांनी रात्री गच्चीवर काकांना सांगितलं, आणि मी तिथंच होतो.

समुपदेशक बाईंनी पिल्लूसमोर दोघांना बसवलं. कुठं राहायला आवडेल, असं त्याला विचारलं नाही. एवढंच म्हणाल्या, "तुला काही विचारायचंय का?" 

पिल्लू म्हणाला, "मग माझी सायकल कुठल्या घरी राहील?"

आईला वाटलं बाबा बोलतील, बाबांना वाटलं आई बोलेल. बाई थांबल्या. त्यांना बहुधा सवय असेल.

काका बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी आयुष्यभराचं सगळं बाहेर काढलं. म्हणाले, "हे पाह्य. तू अर्ज केला तेव्हा पोरगा चार वर्षांचा. 1956 च्या कायद्यातलं कलम 6 म्हणते, पाच वर्षांच्या आतलं लेकरू सहसा आईजवळ. म्हणून तेव्हा तुले अंतरिम ताबा भेटला नाही, ते बरोबरच होतं. आता तो सातव्यात आहे, तर तुझा वकील म्हणते, बाप नैसर्गिक पालक. आहे ना. पण 1999 मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की आईही तितकीच. अन् त्याच कायद्यातलं कलम 13 सगळ्यांच्या वर: पोराचं हित. 1973 पासून सांगून राहिले का लेकरं म्हणजे आईबापाची मालमत्ता नाही, खेळणं नाही. तू जिंकशील तर काय भेटेल? पोरगं. हरशील तर? महिन्यातून चार दिवस. अन् आत्ता मागशील तर, जिंकण्या-हरण्याच्या आधी, तेच चार-सहा दिवस उद्यापासून भेटतील."

"अन् ती दुसरं लग्न करून निघून गेली तर?"

"तर तेव्हा अर्ज कर. ताब्याचा हुकूम कधीच कायमचा नसते, बदलता येते. विधी आयोगानं 2015 च्या मे महिन्यात दोनशे सत्तावन्नावा अहवाल दिला, त्यात संयुक्त ताब्याची शिफारस केली. अहवाल आला, कायदा काही आला नाही. पण दोघं मिळून लिहून दिलं तर कोर्ट नाही म्हणत नाही बे."

बाबा म्हणाले, "अन् माझा गेलेला पैसा?"

"तो गेला."

बाबांना राग आला. उठून कठड्यापाशी गेले. मीही गेलो. खाली मनीषनगरचे दिवे, पलीकडे वर्धा रोडवर एकावर एक दोन रस्ते आणि त्यांच्याही वरून जाणारी मेट्रो. बरेच दिवसांनी त्यांनी माझ्या अर्ध्या कानामागे खाजवलं. परत आले आणि म्हणाले, "परिच्छेद 14 काढता येतो का हो?"

"येते. दुरुस्तीचा अर्ज द्या लागते."

हे पुढचं नंतर लिहिलेलं. वकीलसाहेबांना ते आवडलं नाही, असं दुसऱ्या दिवशी स्पीकरवर ऐकू आलं. त्यांच्या बाजूनं विचार केला तर त्यांचंही बरोबर असावं. पुरावा सुरू व्हायच्या तोंडावर पक्षकार स्वतःचाच मुद्दा मागे घेतो म्हटल्यावर कुठलाही वकील वैतागेल. दुरुस्तीच्या अर्जाची फी मात्र वहीत उजवीकडे गेली. आईकडून पंधरा दिवसांनी मद्यप्राशनाचा परिच्छेद गेला. कुणी कुणाची माफी मागितली नाही. दोन्ही बाजूंनी पुरसीस, म्हणजे कोर्टाला लेखी निवेदन, दिली: दिवाळीत दोन रात्री, आणि पुढे एकाआड एक शनिवार-रविवार, अर्जदाराच्या घरी.

बुधवार, 22 ऑक्टोबर

पाडवा. सकाळीच आजीनं माझ्या अंगाला साबण लावला, मला तो वास आवडत नाही. अकरा वाजता गेटपाशी ऑटो थांबला.

आता मला जे लिहायचं आहे ते इमानी कुत्र्यानं लिहू नये. मी सुटलो, बाबांच्या पायांमधून, आजीच्या ताटावरून, आणि गेटकडे धावलो. पिल्लू उतरला होता. उंच झाला होता, दात पडला होता, अंगाला खोडरबराचा आणि कुठल्यातरी नव्या साबणाचा वास होता. दोन्ही हात पसरून उभा होता. मी त्याच्या बाजूनं निघून गेलो. मागे ऑटोत आई बसली होती, तिचा वास तोच होता. मी तिच्या मांडीवर चढलो आणि ओरडत राहिलो. ती म्हणत होती, "अरे, अरे, साडी, अरे सिग्नल." तिनं मला ढकललं नाही.

मग पिल्लूनं माझी शेपटी धरली, आधी धरायचा तशीच, उलटी. तेव्हा मला कळलं की हा तो आहे. पुढचं सगळं अंगणात झालं, त्याचं वर्णन करण्यात अर्थ नाही, बऱ्याच पणत्या उलटल्या.

बाबा गेटशी उभे राहून बघत होते. त्यांनी जे पाहायचं ते पाहिलं. आईला म्हणाले, "पाणी?" ती म्हणाली, "नको, ऑटोवाला थांबलाय." आजीनं चकल्यांचा डबा ऑटोत ठेवला. आईनं पिल्लूच्या औषधाची पिशवी बाबांच्या हातात दिली, कुठलं किती वाजता ते सांगितलं, बाबांनी पुन्हा विचारून घेतलं. ऑटो गेला. एवढंच. यात कुणाला जास्त काही दिसत असेल तर ते चूक आहे. दोघं पुन्हा एकत्र येणार नाहीत, हे मला वासावरून सांगता येतं.

पिल्लू सायकल पाहायला जिन्याखाली गेला. सीट दोनदा वर करावी लागली. रात्री त्यानं बाबांना विचारलं, "उद्या भाऊबीजेला मी तिकडं जायचं ना?" बाबा म्हणाले, "नाही, परवा. उद्या आत्या येणार." तो जरा गप्प राहिला आणि मग म्हणाला, "मग आईला फोन लाव." बाबांनी लावला. आज आठवड्यातला ठरलेला दिवस नव्हता.

शुक्रवार, 7 नोव्हेंबर

सुप्रीम कोर्टाचा नवा हुकूम: शाळा, दवाखाने, क्रीडासंकुलं, बसस्टँड आणि रेल्वे स्टेशनांच्या आवारातली भटकी कुत्री उचला, आणि पुन्हा तिथं सोडू नका. माझी बहीण फाटकाजवळ राहते, स्टेशनात नाही. फाटक स्टेशनात मोडतं का, हे विचारायला माझ्याकडे वकील नाही.

सोमवार, 24 नोव्हेंबर

मागच्या आठवड्यात पिल्लूचा वाढदिवस झाला. दुपारी नंदनवनात केक, संध्याकाळी मनीषनगरात. दोन केक मिळाल्यामुळे तो खुश होता. मला क्रीम देऊ नये असं डॉक्टर म्हणतात, त्यानं दिलं.

आजीनं त्या रात्री वही घेतली. ड्रेस, केक, सायकलची नवी सीट. डावीकडच्या एका कोऱ्या पानावर पहिल्यांदा चार ओळी एकाखाली एक आल्या. पाटल्या अजून सोडवायच्या आहेत. बेसाचा प्लॉट परत येणार नाही. तिथं आता कुणाचंतरी पायव्याचं काम सुरू आहे, बाबा मला त्या बाजूनं नेत नाहीत.

आज तारीख होती. बाबा गेले, लवकर परत आले. भेटींची पुरसीस नोंदली गेली आहे, पण ताब्याचा मूळ अर्ज निकाली निघालेला नाही. त्यासाठी संमतीच्या अटी नीट लिहून, दोघांच्या सह्यांनी द्याव्या लागतील, आणि सुट्ट्यांच्या वाटणीवर अजून एकमत नाही. उन्हाळ्याची सुट्टी अर्धी-अर्धी करायची, तर विदर्भातली की शाळेच्या पत्रकातली, यावर दोन्ही वकील अडले. पुढची तारीख जानेवारीत आहे.

रात्री बाबांनी फाईल उघडून पहिलं पान आजीला दाखवलं. दुरुस्तीत परिच्छेद 14 गेला, पण पहिल्या पानाला कुणी हात लावला नव्हता. तिथं अज्ञान मुलाचं वय अजूनही चार वर्षे सात महिने आहे. पिल्लूला आता आठवं लागलं.